टपावरची पेटी

युन्सोनं स्टुलावर चढून पेटीचं झाकण उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं. परत बंद करताना तिनं कान जवळ नेला आणि कुलपाचा खट् असा आवाज ऐकून समाधानानं मान हलवली.

"हीच घेऊ," ती म्हणाली.

तिचा नवरा इन्हो दुकानाच्या दुसऱ्या टोकाला एका उघड्या कॅरिअरच्या दांड्या हलवून बघत होता. गाडीच्या टपावर बसवायचं साधं कॅरिअर, चार बाजूंना कठडा, मध्ये जाळी. पेटीच्या निम्म्या किमतीत. त्याला ते पाहताक्षणी आवडलं होतं.

दुकानदार विणलेली टोपी मागे सारत पुढे आला. "काय न्यायचं असतं टपावर? तंबू? स्कीचं सामान?"

"आईनं दिलेलं," इन्हो म्हणाला.

दुकानदारानं हातातली मोजपट्टी गुंडाळून खिशात टाकली. "मग कॅरिअरच घ्या, साहेब. आयांना झाकण चालत नाही. माझी आई डोंगरात असते. तिचे बटाटे आणायला मी गेल्या वर्षी मित्राचा टेम्पो नेला होता."

"म्हणूनच पेटी," युन्सो स्टुलावरूनच म्हणाली.

इन्होची आई कोरियाच्या दक्षिण टोकाला, हेनामजवळच्या एका खेड्यात एकटी राहायची. दोघं राहत त्या सुवोन शहरातून तिथं पोचायला अर्धा दिवस लागे. जाताना गाडीत दोघं आणि फळांची एक पेटी. येताना मात्र डिकीत तिखटात मुरवलेल्या कोबीचे, म्हणजे किमचीचे डबे, पायाशी जुन्या दारूच्या बाटल्यांतून भरलेलं तिळाचं तेल, युन्सोच्या मांडीवर मुळे, आणि मागच्या सीटवर पट्टा लावून बसवलेलं तांदळाचं पोतं. घरी आल्यावर युन्सो शेजारपाजारी दारोदार कोबी वाटत फिरे. हल्ली तर शेजारीही तिची चाहूल लागली की दिवा मालवायला लागले होते.

"तुला आईंना 'पुरे' म्हणता येतं?" तिनं विचारलं.

"नाही."

"मला येईल?"

"तुला तर नाहीच."

"मग झाकण म्हणेल. लागलं म्हणजे संपलं. त्यात कोणाचा अपमान नाही."

भीड ही भिकेची बहीण म्हणतात. या दोघांच्या घरी ती कोबीची बहीण होती. इन्होनं तरी थोडं लढून पाहिलं. कॅरिअरवर पोती कशीही रचता येतात, भाजीला वारा लागतो, आणि किमचीचं पाणी पेटीत सांडलं तर ती पेटी जन्मभर किमचीच राहील. खरं कारण त्यानं सांगितलं नाही. आईला फोनवर दोन वाक्यांपलीकडे बोलता येत नसे. जे बोलायचं ते ती डब्यांत भरून द्यायची. बोलत्या माणसाच्या तोंडावर झाकण लावायचं त्याच्या जिवावर आलं होतं.

पण स्टुलावरून उतरायला युन्सो तयार नव्हती, आणि संसारात स्टुलावर चढलेल्या माणसाचंच शेवटी ऐकावं लागतं. पेटी बसली. इमारतीच्या तळघरात गाडी घालताना इन्होनं स्वतःचेच खांदे वाकवले, जणू त्यानं गाडी ठेंगणी होणार होती.

*

डिसेंबरात थंडीची किमची घालायला दोघं गावी पोचली, तेव्हा आई अंगणात खारवलेल्या कोबीचे गड्डे निथळत ठेवत होती. हात पुसत ती गाडीपाशी आली. पेटीकडे तिनं मान तिरकी करून बघितलं, मग मडकं तपासावं तशी बोटाच्या पेरांनी ती वाजवली.

"हे काय रे? होडी पालथी घातलीस का टपावर?"

"पेटी आहे, आई. सामानासाठी." इन्होनं घसा साफ केला. "म्हणजे... जेवढं मावेल तेवढंच न्यायचं. झाकण लागलं पाहिजे."

युन्सो एकदम कोबीचे गड्डे मोजल्यासारखं करू लागली.

आई गाडीभोवती एक फेरी मारून आली. "कुलूप लागतं?"

"लागतं."

"बाहेरून काही दिसत नाही आतलं?"

"काहीच नाही."

"हं," आई म्हणाली आणि परत कोबीकडे गेली. त्या एका हुंकाराचा इन्होनं लगेच अर्थ लावला. आईला कळलं, असं त्याला वाटलं. झाकण का आणलं ते तिला बरोबर कळलं.

दुपारी ओसरीवर प्लॅस्टिक अंथरून सगळे बसले. पलीकडच्या घरातल्या ओक्बुनबाई मदतीला आल्या होत्या. त्यांचे हात कोबीवर असत आणि डोळे बाकी सगळ्यावर. मधोमध मोठ्या परातीत लाल तिखट, मुळ्याचा कीस, लसूण आणि खारवलेली कोळंबी यांचा चिखल. तो पानापानांत भरायचा, गड्डा बाहेरच्या पानात गुंडाळायचा आणि डब्यात बसवायचा. सगळ्यांच्या हातांत लाल रबरी हातमोजे. आई मधूनच उघड्या हातानं एक पान तोडून उकडलेल्या मांसाच्या तुकड्याभोवती गुंडाळी आणि ज्याचं तोंड उघडं दिसेल त्याच्या तोंडात कोंबी.

इन्होनं तोंडातला घास कसाबसा गिळला आणि दर वर्षीचा प्रश्न विचारला.

"आई, या थंडीत आमच्याकडे चल. फक्त थंडीपुरती."

गेल्या हिवाळ्यात आई नळापाशी बर्फावरून घसरली होती. ओक्बुनबाई हाक मारायला येईपर्यंत ती तिथंच गारठत बसून होती. मुलाला हे कळलं वसंत ऋतू आल्यावर, तेही ओक्बुनबाईंकडून. तेव्हापासून पहाटे थंडी वाढली की इन्होला जाग यायची आणि तो छताकडे बघत पडून राहायचा.

"गाडीत जागा कुठाय?" आई म्हणाली. हेही दर वर्षीचंच.

"जागा करू."

"आपल्या गावातल्या मल्सुनच्या मुलानंही केली होती." आईनं गड्डा थोपटून डब्यात बसवला. "आठवतं ना गं, ओक्बुन? उघडी गाडी घेऊन आला. वर दोरीनं बांधलेल्या तिच्या रजया, उशी, तिचं ते वाफवायचं भांडं. चावडीसमोरून गाडी गेली तेव्हा अख्खा गाव उन्हाला बसला होता. तिची फाटकी सतरंजीसुद्धा सगळ्यांनी बघितली."

"ती म्हणाली होती, महिन्यानं येते," ओक्बुनबाई म्हणाल्या.

"आणि तू?"

"मी काय?"

"आठवडा नाही झाला, तर तिच्या परसात लसूण लावलास."

"मोकळी जमीन वाया जात होती," ओक्बुनबाई शांतपणे म्हणाल्या. "गाठोडं वर बांधून गेलेलं माणूस परत येतं होय?"

"बघ," आई इन्होला म्हणाली. "मेल्यावर जायचंच आहे सगळ्यांदेखत. त्याआधी रंगीत तालीम कशाला?"

युन्सोला हसू आलं आणि तिखट नाकात गेलं. इन्हो हसला नाही. त्याच्या हातातल्या कोबीचं पान फाटलं होतं.

*

सकाळी आईनं दोघांना मांसाचा डबा देऊन ओक्बुनबाईंकडे पिटाळलं. "पेटी मी भरते. तुम्हाला रचता येत नाही. किल्ली ठेवून जा."

ओक्बुनबाईंनी गरम बार्लीचं पाणी पाजल्याशिवाय सोडलं नाही. दोघं परत आली तर पेटीला कुलूप लागलेलं. डिकीत किमचीचे डबे ओळीनं बसवलेले. आणि मागची सीट स्वच्छ, रिकामी. लग्न झाल्यापासून परतीच्या वाटेला त्यांनी ती सीट कधी रिकामी पाहिली नव्हती. तांदळाचं पोतं ओसरीवरच होतं. त्याच्या शेजारी मुळे.

"हे राहिलं," इन्हो म्हणाला.

"राहू दे. झाकण लागलं पाहिजे म्हणालास ना?"

"तांदूळ सीटवर ठेवू की. पट्टा लावून."

"सीटवर नको."

"मुळे तरी दे. युन्सो घेईल मांडीवर. तिला आवडतं."

युन्सोनं जोरजोरात मान हलवली. तिला मुळे मांडीवर घेणं मुळीच आवडत नव्हतं, पण या क्षणी तिनं सगळं शेत मांडीवर घेतलं असतं. नवऱ्याचा पडलेला चेहरा तिला बघवेना. पेटी आपण निवडली, आणि एका झाकणापायी या माउलीनं हात आखडता घेतला, असं तिला वाटलं. तिची स्वतःची आई कधीच गेली होती. तिच्यासाठी गाडी भरून देणारं दुसरं कोणी नव्हतं.

"आई," ती म्हणाली, "ती पेटी ना, खरं म्हणजे मी..."

"उशीर होतोय," आई म्हणाली.

तिनं लाल हातमोजे धुऊन दोरीवर चिमट्यांनी अडकवले. रोजच्या रबरी चपला पायरीवर दाराकडे तोंड करून नीट जोडून ठेवल्या. मग बाहेर जायचे बूट घातले, आणि कोटाची बटणं लावून मागचं दार उघडून ती गाडीत बसली.

फाटकापाशी ओक्बुनबाई उभ्या होत्याच. "तू गं कुठं निघालीस?"

"फाट्यापर्यंत. गुडघ्याच्या गोळ्या आणते. यांची गाडी जातेच आहे."

ओक्बुनबाईंनी गाडीत डोकावून पाहिलं. आईच्या मांडीवर एक लहानशी पर्स होती. मग त्यांनी टपाकडे पाहिलं. "एवढ्या मोठ्या पेटीत काय भरलंस?"

"कोबी."

"सगळा कोबी?"

"उघडून दाखवू? कुलूप काढावं लागेल, एवढंच."

ओक्बुनबाईंनी 'हो' म्हणणं बरं दिसलं नसतं. त्या मागे सरल्या.

चावडीसमोर ऊन पडलं होतं आणि नेहमीची मंडळी भिंतीला टेकून बसली होती. आईनं काच खाली केली, प्रत्येकाला नावानं हाक मारली, एकाला खोकल्याबद्दल विचारलं. कोणीतरी ओरडून म्हणालं की टपावर होडी बरी दिसते. गाडी पुढं गेली. गावातलं एकही माणूस उठून उभं राहिलं नाही.

इन्हो मनातल्या मनात माफीची वाक्यं जुळवत होता आणि एकही पुरं होत नव्हतं. फाटा आला. औषधाच्या दुकानाची हिरवी पाटी दिसली तसा त्यानं वेग कमी केला आणि गाडी कडेला घेऊ लागला.

"कशाला थांबतोस?" मागून आवाज आला.

"गोळ्या घ्यायच्यात ना?"

"गोळ्या आहेत. पेटीत."

इन्होनं आरशात बघितलं. आई खिडकीबाहेर बघत होती.

"पेटीत?"

"रजईखाली. उशीच्या बाजूला." ती जरा सावरून बसली. "मला दुसऱ्याच्या अंथरुणावर झोप येत नाही, ते माहीत आहे ना तुला? आणि आधीच सांगते, फक्त थंडीपुरती. परसात कांद्याची पात हिरवी झाली की मला आणून सोडायचं. याच पेटीतून."

इन्होचे डोळे भरून आले. मागच्या ट्रकनं भोंगा वाजवला तेव्हा त्यानं गाडी पुन्हा रस्त्यावर घेतली आणि उत्तरेकडे वळवली.

बरंच अंतर गेल्यावर आईनं विचारलं, "ही पेटी कोणी निवडली रे?"

"युन्सोनं," तो म्हणाला. "मी ते उघडं कॅरिअर घेत होतो."

"तरीच." आईनं पुढं वाकून सुनेच्या खांद्यावर हात ठेवला. तिखटाचा लाल रंग अजून नखांत होता. "तुझ्या लक्षात नसतं आलं ते. पोरीनं बरोबर ओळखलं माझ्या मनातलं. तोंडानं बोलली नाही, पण ओळखलं."

युन्सोचे कान मिरचीसारखे लाल झाले. इन्होनं ओठ घट्ट मिटले आणि डोळे रस्त्यावर ठेवले. तिनं त्याच्याकडे एकदा बघितलं, आणि तो हात खांद्यावरून निसटू नये म्हणून हळूच मागं टेकून बसली.

"आई," थोड्या वेळानं ती म्हणाली, "तांदूळ आणि मुळे राहिले, पण रताळी तरी आणायला हवी होती. या वर्षी छान गोड झाली होती."

"आणलीत की," आई म्हणाली. "पोतंभर. रजईत गुंडाळून घातलीत. रताळ्यांना थंडी सोसत नाही."