दोघांनी उचलायचा पाइप

मी पाइप बोलतोय. नळाचा नव्हे, मोरीचा तर नव्हेच. तुषार सिंचनाचा, ॲल्युमिनियमचा, चांगला वीस फूट लांब. मला दोन तोंडं आहेत, पण म्हणून मी दुतोंडी नाही, एवढं आधीच सांगून ठेवतो.

कारखान्यात पत्रा वळवून मला घडवलं, एका टोकाला रबरी कडं बसवलं आणि भावंडांसोबत ट्रॉलीत घालून या शेतावर आणून टाकलं. तेव्हा इथे सऱ्यांमधून पाणी सोडायचे. वरच्या बाजूचे बटाटे पाण्यात बसून कुजायचे आणि खालच्या बाजूचे वाट बघून सुकायचे. आम्ही आलो, फवारे उडवू लागलो आणि त्याच विहिरीवर दीडपट रान भिजायला लागलं. लोक बांधावर उभे राहून बघायचे. आमचा मालक अबोल माणूस, पण त्या दिवसांत तोही मिशीत हसायचा. मी आधुनिक होतो हो! नव्याचे नऊ दिवस असतात, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं.

आमची एकच खोड. एक तुकडा भिजला की आम्हाला उचलून पुढच्या तुकड्यात न्यावं लागतं, आणि मी एकट्याला आवरत नाही. वजन फार नाही, पण मधोमध धरलं तर टोकं हेलकावतात आणि उभं पीक झोडपतात. म्हणून पुढचं टोक बाप धरायचा आणि मागचं त्याची लेक. तिला तो 'टकळी' म्हणायचा, कारण डोळे उघडल्यापासून तिच्या तोंडाची टकळी जी सुरू व्हायची ती थेट झोपेपर्यंत. आई म्हणायची, "या घरातलं सगळं बोलणं पोरगीच संपवते, बापाच्या वाट्याला उरणार काय?"

मला जोडण्याआधी आत बेडूक बसलाय का, ते बघावं लागतं. नाहीतर तो जाऊन फवाऱ्याच्या तोटीत अडकतो. टकळी लहान होती तेव्हा तिने असाच डोळा लावला, तर पलीकडून बापाचा डोळा! खिदळत तिने तोंड लावून "कूऽऽक" केलं आणि बापाने कान लावला. तेव्हापासून रिवाजच पडला. "बाबा, आई चिडलीय, आज मुकाट्याने जेवा." "बाबा, मी गणितात पहिली आले." समोरासमोर ज्याला शब्द सापडायचे नाहीत, तो बापही माझ्यातून मात्र बोलायचा. खरं सांगतो, मला पाण्यापेक्षा ते बोलणं वाहून न्यायला जास्त आवडायचं.

मग शेजारच्या रानात ठिबक आलं. काळ्या बारीक नळ्या, जमिनीवर लोळत पडलेल्या. मी नाक मुरडलं. पण टकळी एव्हाना शिकूनसवरून मोठी झाली होती.

"बाबा, आपलं कितीतरी पाणी वारा रस्त्यावर नेऊन टाकतो. उरलेल्यावर तण पोसतोय आपण. विजेचा खर्च वेगळाच."

"पाइप आपले आहेत, धडधाकट आहेत. ठिबकला केवढा खर्च! यांना काय खर्च आहे? शून्य."

"शून्य कसा? रोज दोन माणसं लागतात यांना."

"घरचीच तर आहेत."

"घरची म्हणून फुकट का, बाबा?"

बाप माझं पुढचं टोक उचलून चालू लागला.

खरी गोष्ट अशी, की तिला शहरात माती-पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली होती. होकार कळवायचा राहिला होता. आईचे गुडघे गेलेले, मजूर शोधून मिळेना. आम्ही पाइप शेतात आहोत तोवर पोरीचा पाय निघणार नव्हता. बापाला हे कळत नव्हतं असं नाही. ठिबकचा खर्च त्याला झेपला असता, हे मी छातीठोकपणे सांगतो. झेपत नव्हतं ते दुसरंच.

त्या आठवड्यात आम्हाला हलवताना दोघंही गप्प. टकळी गप्प म्हणजे रान ओसाडच. मग एका दुपारी तिने माझं टोक उचललं, आत बेडूक नाही ना ते बघितलं आणि तोंड लावलं.

"बाबा, मला जायचंय. पण तुम्हाला असं टाकून कशी जाऊ?"

बाप कान लावून उभा होता. मग त्याने तोंड लावलं.

"ठिबक घेतो," तो म्हणाला.

एवढंच. टकळीला सगळं कळलं. तिने मला खाली ठेवलं आणि तिथेच कांद्याच्या वाफ्यात बसून ती रडली.

ठिबकच्या खर्चाला हातभार म्हणून माझी भावंडं विकली. घ्यायला आलेल्या शेतकऱ्याने माझ्याकडे बोट दाखवलं. "हा का ठेवला?"

"तो चिरलाय," बाप म्हणाला.

मला कुठेही चीर नाही.

आता ठिबक छान चाललंय. कमी पाण्यात पीक डोलतंय, तण घटलं, विजेचं बिल उतरलं. थेंबे थेंबे तळे साचे म्हणतात. इथे तळं साचत नाही म्हणूनच पीक साधतं. मी मत्सरी असेन, आंधळा नाही. एकट्या बापाने एक चावी फिरवली की काम झालं. उरलेल्या वेळाचं काय करायचं, ते मात्र त्याला उमगत नाही. तो फिल्टर धुतो. धुतलेला फिल्टर पुन्हा धुतो. आई विचारते, "घासून घासून भोक पाडताय का त्याला?"

मी शेडमध्ये दोन खुंट्यांवर आडवा पडून असतो. लेकीचा फोन येतो. ती भरभरून बोलते, हा "बरं, बरं" म्हणतो आणि फोन आईच्या हातात देतो. मग हळूच माझ्याकडे येतो. माझं एक टोक उचलतो, आत बेडूक बघतो. पाणीच नाही तर बेडूक कुठला? तरी बघतो. मग तोंड लावतो. "टकळे, कांदा झकास आलाय यंदा." आणि लगेच कान लावतो.

टकळे, मी जातीचा पोकळ. माझ्यात काही साठून राहत नाही. इकडून आलेलं तिकडून निघून जातं, आणि तिकडे सध्या खताची पोती रचलेली आहेत. तू गेलीस ते बरंच केलंस, पोरी. पण सुट्टीला येशील तेव्हा आधी शेडमध्ये ये आणि माझं मागचं टोक उचल. काल तुझ्या बापाने "कधी येतेस?" म्हणून विचारलं, आणि पार अंधार पडेपर्यंत कान लावून उभा होता.