तानपुऱ्याचा मणका

मणका बोटांत फिरत होता. हाडाचा, जुन्या दातासारखा पिवळट. तारेत ओवलेला असला की केसभर सरकवून सूर नेमका बसवायचा, एवढंच त्याचं काम; आणि परवा विद्यापीठाच्या संगीत विभागातल्या तानपुऱ्याची तार तुटली तेव्हा तो सुटून कमलच्या पदरात पडला, आणि तिनं तो परत दिला नाही. चोरलाच म्हणा. चोरला तर चोरला. इतके दिवस मी त्यांचे सूर लावून देतेय, त्यातला एक मणका माझा.

सौंसरला घरी आली तरी तिचा संताप उतरत नव्हता. नागपूरच्या विद्यापीठात ती गायन शिकत होती, एम.ए.चं शेवटचं वर्ष, आणि येत्या रविवारच्या वार्षिक संगीत सभेत गाण्यासाठी तिनं स्वतःहून नाव दिलं होतं. शिकवणाऱ्या बाई हसल्या होत्या. "अगं, तुझा तानपुरा असला की मला मागे बघावंच लागत नाही. तू बस मागे. पुढच्या वेळी गा." शेवटच्या वर्षाला कुठली आली पुढची वेळ... आणि कमल काय म्हणाली? कमल 'हो बाई' म्हणाली. आधी तिला वाटायचं, मागे बसणं हेही शिक्षणच. मग तिच्यानंतर आलेल्या मुली पुढे बसल्या, अंगावर शाली घेऊन, कुणाकुणाच्या भाच्या-पुतण्या, आणि ती मागेच. तुझ्या गळ्यात खोट आहे असं बाई कधी म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या असत्या तर भांडता तरी आलं असतं.

आणि इथे भिंतीवर तो फोटो. गेल्या सभेचा, वर्तमानपत्रात आलेला — पुढे गाणारी मुलगी, मागे तानपुरा घेतलेली कमल. तहसिलीत चपराशी असलेल्या भाऊरावांनी, तिच्या बापानं, तो कापून काचेत बसवून घेतला आणि बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी लावला. येईल त्याला तिथं उभं करायचं. आज दुपारी रामाकोन्याहून श्रावणकाका आले, तर त्यांनाही केलं.

"हे पाह्य, सगळ्यात मोठा बाजा कोनापाशी आहे? माह्या पोरीपाशी. समोरची नुसती तोंड उघडून राहिली."

श्रावणकाकांनी मान डोलावली. कमलची कानशिलं तापली. बाबा, ती तोंड उघडून राहिली म्हणजे तीच गाते आहे, मी नाही... एवढं एक वाक्य तिला आजवर बापाला सांगता आलं नव्हतं. चिडावं तरी कुणावर — बाईंवर, की या भोळ्या माणसावर, की त्या काचेवर? एखादा धोंडा घ्यावा आणि — पण शेजारी ती तसबीर. 'हो बाई' म्हणून आलेली कमल कालपासून तिच्याकडे बघायचं टाळत होती.

"म्हन माय एखांदं," भाऊराव म्हणाले. "काकाले आयकू दे."

ती खाली बसली. डोळे मिटले. आणि थांबली... कशासाठी थांबली ते तिचं तिलाच कळेना. मग जाणवलं की उजवा हात मांडीवर आपोआप चालू झालाय — मधलं बोट एकदा, तर्जनी तीनदा, पुन्हा मधलं बोट — आणि गळा वाट बघतोय, पुढे बसलेलं कुणी सुरुवात करेल म्हणून. पुढे कुणी नव्हतं. पुढे श्रावणकाका चहाची बशी धरून बसले होते.

बाईंवरचा, बापावरचा, त्या शालींवरचा सगळा संताप एकदम या बोटांवर आला. ही कधी बाईंची झाली? मला न विचारता? तिनं मणका उजव्या हातात घेऊन मूठ आवळली, तो तळव्यात रुतेपर्यंत. बोटं थांबली.

"बाबा, त्या फोटोत मी गाऊन नाही राहिली."

भाऊरावांनी फोटोकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "मंग कोन गाऊन राहिलं?"

नागपूरची बस अजून यायची होती, रविवारी कुठं बसायचं हे तिला अजूनही ठाऊक नव्हतं. मूठ तशीच ठेवून तिनं षड्ज लावला — कुणाच्याही तानपुऱ्याशिवाय. खरखरीत लागला, केसभर उतरलेला. तो सरकवून नेमका करावा असं तिला वाटलं नाही.