अठरा वर्षं आणि बारा दिवस

शाळेच्या आवारातल्या त्या दोन खोल्यांना पोरं ‘खाटीकखाना’ म्हणत. त्यांचे आजे-पणजेही म्हणत आले होते, आणि तिथे पोरांचे दात बघणाऱ्या-भरणाऱ्या परिचारिका रिपेकाला त्याचं काही वाटत नसे. तीस वर्षांत तिने न्यूझीलंडच्या त्या किनाऱ्यावरच्या झाडून सगळ्या पोरांना ‘आ’ करायला लावलं होतं. रडणं आटोपलं की ती कापसाच्या सुरळीची मधमाशी करून हातात ठेवायची, की स्वारी खूश. रस्त्यात कोणी मोठं माणूस भेटलं तरी तिला आधी त्याचे दात आठवत, मग नाव.

सरकारचा नियम मात्र एकच होता. अठरावा वाढदिवस उजाडला की माणूस रिपेकाच्या खुर्चीतून कायमचा उठला. पुढचं काम दंतवैद्याचं. आणि दंतवैद्य शहरात, दोन तासांवर, तेही रस्ता खचलेला नसेल तर. राजधानीत, वेलिंग्टनला बसून नियम करणाऱ्यांना हा रस्ता ठाऊक असायचं कारण नव्हतं.

हेनीची अरिहिया म्हणजे रिपेकाचा जीव की प्राण. हेनी तिची लहानपणापासूनची मैत्रीण, आणि ही तिची एकुलती एक लेक. सतरावं सरता सरता पोरीच्या दाढेला कीड लागली. रिपेकाने तिला मंगळवार दिला. वाढदिवस त्याच शुक्रवारी होता.

“एवढी दाढ भरली की सुटलीस माझ्या तावडीतून,” रिपेका म्हणाली होती.

आणि रविवारी रिपेकाची आई गेली.

आईला मराएवर, गावाच्या सभाघरात, आणलं. तीन दिवस मृताला एकटं सोडायचं नाही आणि आलेल्या कोणालाही जेवल्याशिवाय जाऊ द्यायचं नाही, ही रीत. खाटीकखान्याला कुलूप लागलं. अरिहिया तिन्ही दिवस तिथल्या स्वयंपाकघरात होती. पोतंभर बटाटे सोलले, ताटांचे ढीग विसळले. मंगळवारी दुपारी ती शवपेटीपाशी चहा घेऊन आली, तेव्हा तिचा एक हात गालाला होता. रिपेकाला वाटलं, पोर म्हातारीसाठी रडतेय. त्या दिवसांत सगळ्याच बायकांचे हात गालाला होते. तीस वर्षं गालावरचा हात ओळखणाऱ्या बाईला तो एक हात ओळखता आला नाही. आणि दुसऱ्याच्या दुःखात आपलं दुखणं पुढे करू नये, एवढं अरिहियाला कळत होतं.

बुधवारी माती झाली. दुसऱ्याच दिवसापासून रिपेकाची फेरी पुढच्या दोन शाळांवर होती, जवळजवळ दोन आठवडे. ती परतली त्या सकाळी अरिहिया दारातच उभी.

“मावशी, बघ गं जरा. लई ठणकतंय.”

रिपेकाने बघितलं. अजून भरण्याजोगी होती. हात शिवशिवले तिचे. मग तिची नजर कार्डावरच्या जन्मतारखेवर गेली. शेजारच्या खोऱ्यात दात बघणाऱ्या बाईने एकोणीस वर्षांच्या मुलाची दाढ भरली होती, तर तिचा परवानाच गेला होता.

“बाळा, आता मला हात लावता येत नाही तुझ्या दाताला.”

“का? बारा दिवसांत काय शिंगं फुटली मला?”

“तसा नियम आहे गं. मी चिठ्ठी देते, शहरात जा.”

अरिहिया हसली. “बरं बाई. तुझी नोकरी गेली तर माझ्या पोरांचे दात कोण बघणार?”

त्या मंगळवारबद्दल ती अवाक्षर बोलली नाही. ती ओरडली असती, भांडली असती, तर रिपेकाने कदाचित दार लावून घेऊन दाढ भरलीही असती.

शहरातल्या दंतवैद्याने सात आठवड्यांनंतरची वेळ दिली. पाचव्या आठवड्यात जबडा सुजला, सूज गळ्यात उतरली. हेलिकॉप्टर शाळेच्या मैदानावर उतरलं तेव्हा पोरीचा श्वास थांबून दहा मिनिटं झाली होती.

पुन्हा तेच सभाघर. या वेळी शवपेटीपाशी हेनी बसली होती.

“रिपेका, खरं सांग,” ती म्हणाली. “तुला जमलं असतं?”

“नाही गं,” रिपेका म्हणाली. “मोठ्या माणसाची दाढ. माझ्या हातचं नव्हतं ते.”

“मग कोणाला बोल लावू मी?” असं म्हणून हेनीने तिच्या खांद्यावर डोकं टेकवलं आणि ती ढसाढसा रडली. रिपेकाने तिला थोपटलं. आपण भित्र्या आहोत हे तिला त्या क्षणी कळलं, आणि तरी ती गप्प बसली.

वर्षभराने सरकारी खात्याची माणसं सभाघरात आली. दात बघणाऱ्या बायकांचं पुढचं काम आणि प्रशिक्षण कसं असावं, यावर म्हणे लोकांचं मत हवं होतं. गाव जमलं. हेनी रिपेकाला चिकटून बसली होती, तिचा हात आपल्या मांडीवर घेऊन. वर्षभर ती अशीच बसायची. लेकीनंतर तिला धरायला तेवढाच हात उरला होता.

खात्याची तरुण बाई मोकळी होती, चांगली होती. म्हणाली, यापुढे या बायकांना मोठ्या माणसांचेही दात भरू द्यावेत असा विचार आहे.

“पण त्यांना ते शिकायला किती वर्षं लागतील?” मास्तरांनी विचारलं.

“वर्षं कसली?” बाई हसली. “दाढ तीच, भरायची तशीच. यांना ते आजही येतं. चार दिवसांची उजळणी आणि एक कागद, बस्स.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. हेनीने वाजवल्या नाहीत. ती हळूच वळली.

“आजही येतं?”

रिपेकाने खाली बघतच मान हलवली.

“रिपेका, तुला येत होतं?”

“येत होतं.”

“किती वेळ लागला असता?”

खोटं बोलायचं बळ आता राहिलं नव्हतं.

“पाऊण तास.”

हेनीने तिचा हात मांडीवरून उचलला आणि तिचा तिला परत दिला. मग उठून पुढच्या रांगेत, खात्याच्या अनोळखी माणसांच्या शेजारी जाऊन बसली.