फॅट दोन पॉइंट एक

सन दोन हजार तेवीस. त्या साली अधिक श्रावण आला होता आणि पावसानं जी दडी मारली ती महिनाभर तोंड दाखवलं नाही. चारठाण्याच्या अलीकडं, जिंतूर रस्त्याला लागून असलेल्या एका गावात त्या ऑगस्टात एक समारंभ झाला आणि त्याच आठवड्यात एक मूर्खपणा झाला. समारंभ लोक विसरले. मूर्खपणा अजून बोलण्यात निघतो.

समारंभ स्तनपान सप्ताहाचा होता. शाळेच्या पत्र्याखाली मांडव घातला होता. गरोदर बायका दोन ओळींत बसवल्या होत्या आणि प्रत्येकीच्या हातात एकेक केळं दिलं होतं. मागं बॅनर. बॅनरवर आई आणि लेकराचं चित्र कोपऱ्यात लिंबाएवढं, आणि मधोमध दूध संकलन केंद्राचे चेअरमन महारुद्रराव, फेटा बांधून, छातीपर्यंत. अध्यक्ष तेच होते. आता अध्यक्ष म्हटल्यावर भाषण आलं. पण स्तनपान हा शब्द त्यांना बायकांसमोर उच्चारवेना, म्हणून त्यांनी अर्धा तास 'तो विषय' असं म्हणत भाषण केलं. त्या विषयात माता-भगिनींनी मागं राहू नये. तो विषय म्हणजे अमृत. शेवटी शाल आणि नारळ घेऊन ते बसले.

मागच्या खुर्चीवर सत्यशीलाबाई बसल्या होत्या. गावच्या उपकेंद्रात त्यांनी एकोणतीस वर्षं नर्स म्हणून काढली होती आणि निवृत्त होऊनही दहा वर्षं झाली होती. गाव त्यांना अजून सिस्टरबाईच म्हणायचं. मांडवातल्या निम्म्या बाया त्यांच्याच हातून जन्मलेल्या. असल्या कार्यक्रमांना त्या यायच्या, शेवटपर्यंत बसायच्या आणि घरी जाऊन हसायच्या. त्यांच्या नोकरीच्या सुरुवातीला या विषयाला बॅनर नव्हतं. तुरीत खुरपायला आलेली बाई बाभळीच्या झोळीतलं लेकरू काढायची, बांधावर बसायची, पदर घ्यायची आणि शेजारणीशी भांडत भांडत पाजायची. तेव्हाचं सगळं शहाणपणाचं होतं असं मात्र सत्यशीलाबाई कधी म्हणाल्या नाहीत. गाय व्याली की चीक गल्लीभर वाटायचा आणि बाई व्याली की तिचा चीक पिळून चुलीमागं टाकायचा, हेही त्यांनी याच गावात पाहिलं होतं. पण तेव्हा येडेपणा निदान घरातल्या घरात राहायचा. त्याला मशीन लागत नव्हतं.

महारुद्ररावांची सून भक्ती तेव्हा बाळंतीण होती. पोरीचं माहेर येलदरीचं. आई वारलेली, वडील एकटे, म्हणून पहिलं बाळंतपण सासरीच करायचं ठरलं. जिंतूरच्या एका खासगी दवाखान्यात सिझर झालं, मुलगी झाली. सिझरच्या बाईला दूध उतरायला चार दिवस लागू शकतात. तोवर दवाखान्यातच पावडरचा डबा आणि बाटली सुरू झाली. घरी आल्यावर दूध उतरलं. पण बाटलीची सवय लागलेलं लेकरू अंगावर घेतलं की नुसतं टोक तोंडात धरायचं आणि रडायचं. टाक्यांच्या दुखण्यानं भक्तीला नीट बसता येत नव्हतं, आणि कसं धरायचं ते कुणी दाखवलं नव्हतं.

सासू कमलबाईंनी एक दिवस सुनेचं दूध तळहातावर घेतलं, उजेडात धरलं आणि निकाल दिला, पातळ हाय. घरातल्या म्हशीचं घट्ट दूध बघायला सरावलेले डोळे ते. दूध निळसर दिसलं, झालं.

एवढ्यावर थांबले असते तर ती जुनी गोष्ट होती. पण महारुद्रराव म्हणाले, अंदाजानं कशाला बोलायचं, आपल्या केंद्रावर मशीन हाय की.

मग त्या घरानं जे केलं ते दुसऱ्या कुठल्या घराला सुचलं नसतं. समारंभ गुरुवारी झाला आणि शनिवारी सकाळी भक्तीकडून वाटीभर दूध काढून घेतलं. नवरा योगीराज केंद्रावरचं मशीन चालवायचा. तो ती वाटी पंचाखाली झाकून घेऊन गेला. मशीनला दोनच बटणं, गाय आणि म्हैस. योगीराज जरा वेळ बोट वर धरून उभा राहिला म्हणतात. मग त्यानं गाय दाबलं. सभासदाचा नंबर घातल्याशिवाय चिठ्ठी निघत नाही, म्हणून आपल्या घरचा, एक नंबर घातला. चिठ्ठी निघाली: सभासद क्रमांक एक, गाय, फॅट दोन पॉइंट एक, पाणी नऊ टक्के.

कॅन धुवायला थांबलेल्या दोघांनी ती चिठ्ठी वाचली. दुपारपर्यंत पारावर पोचली.

महारुद्ररावांनी चष्मा लावून चिठ्ठी दोनदा पाहिली. असलं दूध आपण केंद्रावर घेत नाही, मग नातीला कसं पाजायचं, असं त्यांचं म्हणणं पडलं. अमृत गुरुवारपुरतंच होतं. अंगावरचं बंद, निव्वळ डबा सुरू. आणि दूध आटावं म्हणून कमलबाईंनी जुन्या लुगड्याचा पट्टा फाडून सुनेची छाती करकचून बांधली. भक्ती म्हणत होती, मला पाजू द्या, पाजलं की वाढंल. चिठ्ठीपुढं तिचं कोण ऐकणार.

सोमवारी दुपारी गावची आशाताई सविता लेकराचं वजन करायला गेली. जन्माचं वजन दोन किलो आठशे होतं. अकराव्या दिवशी झोळीचा काटा अडीचवर थांबला. सकाळपासून लंगोट एकदाच ओला झाला होता. भक्तीला ताप होता आणि ती भिंतीकडं तोंड करून पडली होती. सविता तिथून निघाली ती थेट सत्यशीलाबाईंच्या दारात. सगळं सांगून म्हणाली, उद्यापर्यंत असंच ऱ्हायलं तर दूध आटंल आणि लेकरूही हाती लागायचं न्हाई.

सत्यशीलाबाईंनी चपला घातल्या.

चेअरमनच्या घरी बाळंतिणीच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. कमलबाई ओट्याशी बाटली हलवत होत्या. पाणी बाटलीभर आणि पावडर एकच चमचा. डब्यावर चार चमचे लिहिलं होतं. सत्यशीलाबाईंनी विचारलं तर कमलबाई म्हणाल्या की घट्ट केलं की पोट फुगतं, मुद्दाम पातळ करायलेय.

आईचं पातळ म्हणून बंद केलं आणि त्याच्यापेक्षा पातळ हातानं करून पाजायला लागले, हे सत्यशीलाबाईंनी दोनदा मनात फिरवून पाहिलं. एवढ्या वर्षांत त्यांनी असा शहाणा माणूस पाहिला नव्हता.

"कमलबाई," त्या म्हणाल्या, "योगीराज झाला तेव्हा तुमच्या सासूनं पण तुमचं दूध पातळ ठरवलं होतं. ध्यानात हाय का?"

कमलबाई बाटली हलवायच्या थांबल्या.

"सासू झोपली की तुमी लेकरू घेऊन गोठ्यामागं जायच्या. मी पिशवी घेऊन वाटंवर उभी ऱ्हायची, कुणी आलं की खोकायची. चार महिने. ते कोणतं दूध होतं? त्याची चिठ्ठी काढली होती का कुणी?"

"तवाची गोष्ट येगळी होती, बाई," कमलबाई हळू आवाजात म्हणाल्या. "तवा मशीन कुठं होतं. आता मालकांनी चिठ्ठी बघितली. त्यांच्यापुढं मी काय बोलू?"

खरं होतं. या घरात बाई सांगते ते खोटं आणि चिठ्ठी सांगते ते खरं. सत्यशीलाबाईंनी कमलबाईंच्या हातातली बाटली घेतली, पदराखाली धरली आणि बाहेर पडल्या.

संध्याकाळचं दूध घालायला केंद्रावर रांग लागली होती. चारा वाळल्यानं दूध कमी आलेलं, त्यामुळं माणसं कमी आणि गप्पा जास्त. महारुद्रराव खुर्चीत बसून होते. सत्यशीलाबाई रांगेत उभ्या राहिल्या. त्यांच्याकडं शेळीसुद्धा नाही हे सगळ्यांना माहीत, म्हणून लोक वळून बघायला लागले. नंबर आला तशी त्यांनी बाटलीचं बूच काढून दूध मशीनच्या भांड्यात ओतलं.

"कुणाचं हाय, बाई?" योगीराजनं विचारलं.

"तू घाल तर."

"गाय का म्हैस?"

"मागच्या वेळी जे दाबलंस तेच दाब."

रांगेत कुणीतरी तोंडावर हात ठेवला. योगीराजच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यानं गाय दाबलं. मशीन घुरघुरलं आणि चिठ्ठी निघाली. फॅट शून्य पॉइंट नऊ. पाणी सत्तर टक्के.

योगीराजनं चिठ्ठी वडिलांकडं दिली. महारुद्ररावांनी ती वाचली आणि त्यांना बरं वाटलं, कारण पाणी घालणाऱ्याला रांगेसमोर झापणं हे त्यांचं आवडतं काम होतं. आवाज चढवून ते म्हणाले, "कुणी दिलं हे तुमच्याकडं? नाव सांगा. ह्येला दूध म्हणत्यात का? आजपासून ह्या माणसाचं बंद. आठ दिवस नाही, कायमचं बंद."

"बंद म्हणजे बंद ना, चेअरमनसाहेब?"

"मी एकदा बोललो की बोललो."

"मग बरं झालं," सत्यशीलाबाई म्हणाल्या. "हे तुमच्या नातीच्या बाटलीतलं हाय. परवापासून तिला हेच पाजायलेत."

रांगेतल्या मागच्यांनी ऐकायला माना पुढं काढल्या.

सत्यशीलाबाई तिथंच उभ्या राहून पुढं बोलल्या, आणि शिकवल्यासारखं बोलल्या, कारण समोर सगळे दूधवालेच होते. गाईची पहिली धार पातळ आणि शेवटची घट्ट, हे तुम्हा सगळ्यांना ठाऊक. पहिली वाटी काढून मशीनला लावली तर फॅट कुठून येईल. आणि वासराचं दूध वासराच्या मापाचं, माणसाचं माणसाच्या. या मशीनला माणसाचं बटणच नाही, ते बिचारं काय सांगणार. बटण दाबणाऱ्याला तरी कळायला पाहिजे होतं की आपण बायकोला कशात मोजायलोय.

रांग ऐकत होती आणि हुकूम महारुद्ररावांच्याच तोंडचा होता. ते चिठ्ठीची घडी घालत म्हणाले, "तुमी म्हणता तसं करा, सिस्टर." आणि पुढच्याचा कॅन बघायला लागले.

सत्यशीलाबाई परत चेअरमनच्या घरी आल्या तेव्हा बातमी त्यांच्या आधी पोचली होती. खोलीत जाऊन त्यांनी पट्ट्याची गाठ सोडली. गाठ इतकी घट्ट की दात लावावा लागला. छाती दगडासारखी झाली होती. कोमट फडक्यानं शेकून, हलक्या हातानं थोडं दूध काढून त्यांनी आधी ती मऊ केली. मग भक्तीला कुशीवर झोपवलं, पाठीला उशी दिली आणि लेकराचं पोट आईच्या पोटाला लावलं. घाई केली नाही. लेकरानं जांभई दिल्यासारखा मोठा आ केला तेव्हा त्याला जवळ ओढलं, नुसतं टोक नको, भोवतालचा काळा भागही तोंडात जाईल असं. पहिल्या खेपेला सुटलं. दुसऱ्या खेपेला सुटलं. भक्ती रडायला लागली की मलाच जमत नाही.

"तुला अकरा दिवसांत कुणी शिकवलं का, पोरी? मग जमंल कसं. ती पण नवी हाय, तू पण नवी."

चौथ्या खेपेला लागलं. हनुवटी आत रुतली आणि गिळल्याचा आवाज यायला लागला. दारात उभ्या कमलबाईंनी तो ऐकला आणि बाळंतिणीसाठी पाणी तापवायला गेल्या.

एका रात्रीत सगळं सुरळीत झालं असं नाही. दुसऱ्या दिवशी सत्यशीलाबाई आणि सविता मायलेकीला घेऊन जिंतूरच्या सरकारी डॉक्टरकडं गेल्या. डॉक्टरनं तापाचं औषध दिलं, ते घेत पाजायला हरकत नाही म्हणून सांगितलं आणि वजन भरेपर्यंत डबाही सुरू ठेवायला लावला, पण लिहिल्याप्रमाणे घट्ट आणि वाटी-चमच्यानं. दर दोन तासांनी आधी अंगावर, मग वाटी. लंगोट मोजायचे. बाटली सत्यशीलाबाईंनी घरी नेली ती परत दिली नाही. दहाव्या दिवशी वाटी अर्ध्यावर आली आणि तिसऱ्या आठवड्यात बंद झाली. अधिक महिना सरल्यावर बारसं केलं तेव्हा मुलगी तीन किलोच्या पुढं होती. नाव संस्कृती ठेवलं. हेही महारुद्ररावांनीच सुचवलं.

पुढं योगीराजला गावानं 'गाय का म्हैस' म्हणून हाक मारायला सुरुवात केली. वर्षभर त्यानं सोसलं आणि मग मशीनचं काम दुसऱ्याला देऊन सेलूला कापसाच्या जिनिंगमध्ये नोकरी धरली. बायकोची माफी मागितली की नाही ते त्या दोघांना माहीत. महारुद्रराव अजून चेअरमन आहेत. पुढच्या वर्षीच्या सप्ताहातही अध्यक्ष तेच होते, भाषण चाळीस मिनिटं चाललं आणि तो विषय घरापासून सुरू केला पाहिजे असं त्यांनी सांगितलं. त्या वेळी कुणी हसलं नाही, कारण दुधाची रांग सगळ्यांनाच लावायची असते. कमलबाई येईल त्याला सांगतात की सून लय नवखी होती, मीच तिला पाजायला शिकवलं. गोठ्यामागची गोष्ट मात्र त्यांनी एकदा भक्तीला सांगितली, भाकरी थापता थापता, तिच्याकडं न बघता. सविता अजून उन्हातान्हात वजनाची झोळी घेऊन फिरते. भक्तीनं मुलीला दोन वर्षं अंगावर पाजलं. आता गल्लीत कुणी बाळंत झालं आणि लेकरू धरेना की सविता आधी भक्तीला बोलावते.

सत्यशीलाबाईंचे गुडघे गेले. त्या लेकीकडं सेलूला राहतात. शेजारची एखादी आजी सुनेचं दूध पातळ आहे म्हणून सांगायला येते, तेव्हा त्या तिला बसवतात, चहा देतात आणि विचारतात, कशावर मोजलं.