गुरगुर आणि फळीवरचा मिक्सर

बसा मित्रांनो, चुलीजवळ सरका. तोंड फटकळ आहे माझं, पण गोष्ट खरी सांगते. मी एक जुनी गुरगुर आहे. म्हणजे लोण्याचा खारा चहा घुसळायचं लाकडी नळकांडं, कमरेला पितळी पट्टे. लडाखच्या झंस्कारमधल्या या घरात मी अबी-लेच्या लग्नात आले. अबी-ले म्हणजे घरची म्हातारी. चाळीस हिवाळे दांड्याचे धक्के खाल्ले मी. पाहुणे घोट घेऊन म्हणायचे, "चहा असावा तर असा." मी फुगायचे.

मग अबी-लेच्या मुलानं बायकोसाठी, डिस्कितसाठी, लेहहून मिक्सर आणला. सोलरची वीज खाऊन दोन मिनिटांत चहा. त्याला फळीवर जागा, वर भरतकामाचा रुमाल. आणि माझ्यात काय, तर पळ्या आणि फाटके मोजे. लई जळले मी. ढग येऊन सोलर बसला की मला सण वाटायचा.

गेल्या उन्हाळ्यात एक पाहुणी आली. इशिता, कोलकात्याची. सडकेपासून दीड दिवस चालत, एकटी.

"एकटी?" अबी-ले कळवळली. "घरचे कुठं गेले, पोरी?"

"गावी आहेत की. मला एकटीनं फिरायला आवडतं."

"लपवतेय बिचारी," अबी-ले सुनेच्या कानात म्हणाली. "कुणी उरलं नसणार."

चहा मिक्सरनंच केला. पण पाहुणीची नजर माझ्यावर. निघायच्या दिवशी म्हणते, "ही मला द्याल? भिंतीवर लावीन."

माझं लाकूड गार पडलं. मी भिंतीवर लटकणार आणि हा घरघऱ्या इथं राज्य करणार.

"न्या की," डिस्कित म्हणाली. "नुसती जागा खाते."

"थांब गं," अबी-ले म्हणाली. "पोरी, कोलकात्यात घरात किती जण?"

"मी एकटीच राहते."

"मग हिच्यात बारा जणांचा चहा कुणासाठी घुसळशील? एकटीला मिक्सर बरा. तो ने."

"नको, अबी-ले. खरंच नको."

आता आमची रीत ऐका. पाहुण्यानं नको नको म्हणायचं, यजमानानं हातात कोंबायचं. लगेच हो म्हणेल तो हावरट. पाहुणी मनापासून नको म्हणत होती, आणि अबी-ले खूश होत होती. "बघ, किती वळण आहे पोरीला." डिस्कितचं तोंड उतरलं. पण पाहुण्याला देऊ केलेलं मागं कसं घेणार? तिनंच तो रुमालात गुंडाळून पिशवीत घातला.

मी आतल्या आत हसले, मित्रांनो. खोटं कशाला बोलू.

मग हिवाळा आला. डिस्कितनं दांडा धरला. दहा धक्के, की थांबली. उजवं मनगट चोळत बसली. शेणाची पाटी घेऊन बर्फावर घसरली होती, तेव्हा मोडलेलं मनगट. त्याच्यापायीच तर मिक्सर आला होता. हे मला ठाऊक होतं. पण पोटात दुखत असलं की ठाऊक असलेलं आठवत नाही.

"जड झालीस गं म्हातारे," ती मला म्हणते. रागानं नाही म्हणत. म्हणून जास्त लागतं.

तर कुणाला ती एकटी फिरणारी इशिता भेटली, तर एवढा निरोप द्या. मिक्सर परत आण म्हणावं. मोजे खुशाल माझ्यात भरा, मी हूं की चूं करायची नाही. आणि अबी-ले नको नको म्हणेल. ते खरं धरू नकोस म्हणावं. सरळ डिस्कितच्या हातात कोंब.