मी गळका नव्हतो

मी डीडीटी फवारायचा पितळी पंप बोलतोय. माझ्या अंगावर 'नादुरुस्त' लिहिलंय, ते वाचून लगेच तोंड फिरवू नका. जरा ऐकून घ्या.

पासष्ट सालापासून मी हिवताप खात्यातल्या, उचगावच्या निसारच्या हाती होतो. त्याचा जोडीदार केरबा माझा दांडा हाणायचा, निसार नळी धरायचा. भिंतीवर आमचं औषध बसलं, की तिथं टेकलेला हिवतापाचा डास मेलाच म्हणायचा. फवारून झालं की निसार दारावर गेरूनं तारीख घालायचा, अक्षर मोत्यासारखं. सणाच्या तोंडावर कुणी बाई भिंत सारवायला निघाली, तर तो तिथंच खडसवायचा, "औषध पुसू नगासा. उद्या ताप आला तर कुणाच्या नावानं बोंब मारणार?"

रोज संध्याकाळी तो मला धुऊन तेल द्यायचा. मला वाटायचं, हा आपला माणूस.

चौऱ्याहत्तरच्या पावसाळ्यात आम्ही त्याच्याच दारात पोचलो. त्याची बायको इमामबी उंबऱ्यात आडवी उभी.

"कालच निळा चुना मारलाय. उद्या मेहमुदाला बघाय पावणं येणार हायत. भिंतीवर पांढरं डाग पडलं, वास सुटला, तर काय म्हणतील?"

निसार घुटमळला. केरबाला त्यानं पुढच्या घरी पाठवलं. मग गेरू काढला आणि दारावर तारीख घातली. माझ्या बादलीतलं औषध हललंसुद्धा नाही.

पाहुण्यांना मुलगी पसंत पडली. पण महिना उलटायच्या आत मेहमुदा गोधडीखाली कुडकुडत पडली. रक्त तपासलं, हिवताप निघाला. खात्याचे साहेब चौकशीला आले आणि दारावरची तारीख बघून बुचकळ्यात पडले.

"घर फवारलंयस ना रे?"

"व्हय साहेब." निसारनं मान खाली घातली. "पंपच गळका हाय. दाब धरत न्हाय."

केरबा शेजारीच उभा होता. तो माझी नळी गुंडाळायला लागला.

मेहमुदा गोळ्यांनी बरी झाली, तिचं लग्नही झालं. त्याचं मला बरंच वाटतं. पण नऊ वर्षं ज्यानं तेल दिलं, त्यानंच मला तोंडघशी पाडलं. पंपाला जीभ नसते, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

तेव्हापासून मी गोदामाच्या कोपऱ्यात पडून आहे. कुणीतरी मला दोन थेंब तेल द्या आणि बादलीभर पाण्यात चालवून बघा. तेही जमत नसेल, तर अंगावरचा तो शब्द तेवढा नीट बघा. गेरूनं लिहिलाय. अक्षर मोत्यासारखं आहे.