शेवटचा डाव कुणाच्या हाती

“हात होता पोरीला. छाती नव्हती.”

सव्वीस वर्षं झाली, हा आवाज माझ्या कानातून उतरत नाही. जळगावचं मैदान, डिसेंबरातलं कोवळं ऊन, आणि रविकांत सर निवड समितीच्या माणसांशी बोलताहेत. गळ्यात शिट्टी, हातात उसाच्या रसाचा ग्लास. ते आमचे सॉफ्टबॉलचे कोच. मी चार पावलांवर उभी होते, डाव्या हातानं उजवा हात धरून. जिल्ह्यांच्या स्पर्धेचा अंतिम सामना माझ्या हातून गेला होता. सातव्या, म्हणजे शेवटच्या डावात मी तिघींना ओळीनं फुकट बेस दिला आणि चौथीनं चेंडू कुंपणापलीकडच्या केळीच्या बागेत घातला. राज्याच्या संघाची यादी लागली, त्यात माझं नाव नव्हतं. मी सतरा वर्षांची होते. पुन्हा चेंडूला हात लावला नाही.

महिनाभर आई माझ्या खांद्याला कोमट तेल चोळायची. पापड लाटताना जुळवायची तशी ओळ जुळवायची:

लेकीचा उजवा हात, कशानं गं जड,
सांग माझे बाई, मनातलं उघड.

मी उघडलं नाही. “घाबरलीस, होतं असं,” वडील म्हणाले. मी तेही खोडलं नाही.

लग्नानंतर विनयच्या नोकरीपाठोपाठ इकडे नेदरलँड्सला आले. पहिली काही वर्षं त्याच्या व्हिसाच्या शेपटीला बांधलेली होते. मग डच शिकले, आणि आता फोरबर्गमध्ये हाउसआर्ट्सकडे, म्हणजे आमच्या भागातल्या डॉक्टरांच्या दवाखान्यात, फोन घेते. दिवसभर एकच प्रश्न विचारते, “दुखणं एक ते दहामध्ये किती?” पाच सांगितलं की पॅरासिटामॉल घ्या आणि आठवड्यानं फोन करा. आठ सांगितलं की लगेच या. विनय म्हणतो, “तुमच्याकडे मेलेल्या माणसालासुद्धा आधी पॅरासिटामॉल देऊन बघतात.”

एका शनिवारी सायकलवरून जाताना बॅटचा आवाज ऐकला आणि माझे ब्रेक आपोआप लागले. कालव्याच्या कडेला बेसबॉलचा छोटासा क्लब. शर्टांवर पाणकोंबडीचं चित्र. मुलींचा सॉफ्टबॉलचा संघही होता. मी सात वर्षं तिथे स्कोअर लिहितेय. किती चेंडू टाकले, किती पडले, कुणाचा हात थकत चालला, हे सगळं माझ्या पेन्सिलीच्या रेघांत असतं. पिचर, म्हणजे चेंडू टाकणारी, बदलावी की नाही असा प्रश्न पडला की कोच आनेमीक मैदानातून माझ्याकडे बघून भुवई उंचावते. मी अंगठा वर केला की खेळ चालू. खाली केला की बदल.

गेल्या मोसमात आम्ही सहा सामने हातात आलेले घालवले, सहाही शेवटच्या डावात. फेब्रुवारीत क्लबच्या कँटीनमध्ये बैठक बसली. क्लोजर आणायची का? सामना संपवण्यापुरती येणारी, शेवटचा डाव टाकून घरी जाणारी पिचर.

“शेजारच्या लायडस्खेनडाम क्लबची मार्लूस मिळतेय,” आनेमीक म्हणाली. ती शाळेत भूगोल शिकवते, बोलते नकाशावर बोट ठेवल्यासारखं. “चौतीस वर्षांची आहे, डोकं बर्फासारखं. पण त्यांना बदल्यात आपली साना हवी.”

“साना द्यायची? मग दुसऱ्या बेसवर कोण, तुझी सासू?” खजिनदार म्हणाला.

“माझी सासू तुझ्यापेक्षा बरी पळते.”

“आणि ती भारतीय मुलगी?” कुणीतरी विचारलं. “लायडनला शिकते. कुठल्याच क्लबात नाही. कुणाला सोडायची गरज नाही, नुसती सही घ्यायची.”

आनेमीकनं तिचा फॉर्म माझ्याकडे सरकवला. इरावती रविकांत सोनवणे. जन्मस्थळ जळगाव. टेबलाभोवतीच्या सगळ्यांना ‘रविकांत’ हे तिचंच दुसरं नाव वाटत होतं. आमच्याकडे मधलं नाव बापाचं असतं, हे त्या खोलीत मला एकटीला माहीत होतं.

आदल्या आठवड्यात जिममध्ये मी तिला चेंडू टाकताना पाहिलं होतं. हात गोल फिरून डोक्यावर आला की तिथे पापणी लवेल एवढा थबकायचा. मग कमरेजवळून गोफणीसारखा सुटायचा. ते थबकणं मलाही एका माणसानं शिकवलं होतं, वेताच्या छडीनं.

“सू, तू बोल,” आनेमीक म्हणाली. सुहासिनी त्यांच्या जिभेवर मावत नाही. “तुमच्याकडची आहे. काय करू?”

मी फॉर्म उलटा करून टेबलावर ठेवला.

“मुलीला घ्या,” मी म्हणाले. “अदलाबदल कशाला? आणि एकाच डावापुरती जपून ठेवू नका. शनिवार-रविवार, दोन्ही दिवस टाकेल. आमच्याकडच्या मुलींना सवय असते.”

खोटं इतक्या साध्या आवाजात बोलता येतं, हे मला त्या दिवशी कळलं. बाहेर कालव्यावर दोन बदकं भांडत होती. मी कॉफीत साखर घातली. मी साखर घेत नाही.

इरावती आली ती गोड हसत. मला मावशी म्हणायला लागली. डब्यात तिखट दाण्याची चटणी आणायची. चटणीला आमच्या खानदेशी मिरचीचा ठसका. “मावशी, तुम्ही कुठल्या?” तिनं विचारलं. मी म्हणाले, पुण्याच्या. सासर पुण्याचं आहे, तेवढाच आधार त्या उत्तराला.

एप्रिलमध्ये ती एक डाव टाकायची. मेमध्ये दोन. जूनपासून तीन, दोन्ही दिवस. सामने आम्ही जिंकत होतो, आणि जिंकणाऱ्या हाताला कुणी थांबवत नाही. तिच्या नावापुढे माझ्या रेघा वाढत गेल्या. चेंडू हळूहळू खाली पडू लागले. ते थबकणं कमी झालं, मग उरलंच नाही. आनेमीक भुवई उंचवायची. मी अंगठा वर करायचे. दर वेळी मला तो उसाच्या रसाचा ग्लास दिसायचा. माझा हात त्यांनी घेतला. त्यांच्या घरचा एक हात माझ्याकडे येतोय, आपल्या पायांनी चालत येतोय. असं म्हणत मी पेन्सिलीला टोक करायचे. रात्री झोपही चांगली लागायची, हेही सांगून टाकते.

सप्टेंबरात शेवटचा सामना आला. जिंकलो तर वरच्या गटात. समोर लायडस्खेनडाम, त्यांच्याकडून मार्लूस. आणि आदल्याच दिवशी इरावतीचे वडील निवृत्त होऊन लेकीकडे आलेले.

ते माझ्या टेबलामागच्या बाकावर येऊन बसले. केस पांढरे, अंगात नवंकोरं जाड जाकीट, दुकानाची चिठ्ठी अजून बाहीला. शिट्टी नव्हती, तरी हात छातीशी जाऊन तिला शोधत होता.

“मॅडम, तुम्ही मराठी? अरे वा! इरा सांगत होती. तिची काळजी घेता म्हणे.”

“स्कोअर लिहिते.”

“तेच महत्त्वाचं. चाळीस वर्षं पोरी घडवल्या मी. एक सांगतो, शेवट करायला छाती लागते. हात कुणालाही असतो.” ते पुढे वाकले, रंगात आले. “एक होती माझ्याकडे. काय हात होता! शेवटच्या डावात गळपटली. सगळ्यांसमोर. अजून गोष्ट सांगतो मी नव्या पोरींना.”

“नाव काय तिचं?”

“नाव…” त्यांनी आकाशाकडे पाहिलं. “नाही बुवा आठवत. किती आल्या, किती गेल्या.”

माझी पेन्सिल कागदातून आरपार गेली. मी पान उलटलं.

सहा डाव झाले. आम्ही चार, ते तीन. एकच डाव उरला होता आणि तो इरावतीचा. आदल्या दिवशी तिनं चार डाव टाकले होते, आज दोन. मैदानात जायच्या आधी ती माझ्या टेबलाजवळ बुटाची नाडी बांधायला वाकली. आसपास साना होती, बदली खेळाडू होत्या, कुणालाच मराठी येत नव्हतं. भाषेचा आडोसा धरून तिनं खालमानेनं सांगितलं,

“मावशी, खांदा खूप दुखतोय. हात वर जात नाहीये. आनेमीकला सांगू नका हं. बाबा बसलेत.”

मागच्या बाकापर्यंत तो आवाज पोचला नाही. मला मात्र तो दोनदा ऐकू आला: एकदा तिचा, एकदा माझा. पाण्याच्या टाकीजवळ, सातव्या डावाच्या आधी, मीही कोचना हेच सांगितलं होतं, हात वर जात नाहीये म्हणून. दोन दिवसांत चार सामने टाकले होते मी. टाकीचा नळ ठिबकत होता. सरांनी ऐकलं होतं, नीट ऐकलं होतं.

“एक ते दहामध्ये किती?” माझ्या तोंडून सवयीनं गेलं.

ती हसली. “दवाखाना सुरू का इथेच? आठ.”

आणि गेली.

आनेमीकची भुवई उंचावली. दूरवरून, पिवळ्या टोपीखाली. मला हवं होतं ते इतकं साधं होतं: काही करायचंच नव्हतं. गप्प बसायचं. मी अंगठा वर केला.

पहिला चेंडू जमिनीवर आपटला. दुसरा बाजूला. चार चेंडूंनंतर पहिली मुलगी चालत बेसवर गेली. इरावतीनं डाव्या हातानं उजवा खांदा दाबला आणि पटकन सोडला, कुणी बघू नये म्हणून. माझ्यामागे बाक करकरला.

“इरा! हात उचल! नाटकं नकोत!” सर उभे राहिले होते. “छाती दाखव!”

दुसरी मुलगीही चालत गेली. इरावतीनं बाकाकडे पाहिलं नाही, आनेमीककडेही नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर कुणी एक ओळखीची पोर उभी होती. तिला मी सव्वीस वर्षं घरात घेतलं नव्हतं.

मला वाटलं होतं, हा क्षण गोड लागेल. तो कडू लागला असंही नाही. तो मला पुरेना. तिचा हात मोडला, तर ते तिलाही गोष्ट बनवतील. नव्या पोरींना सांगतील, माझी स्वतःची लेक, हात होता, छाती नव्हती. मोडलेला हात त्यांना काहीच शिकवणार नव्हता. माझ्या हातानं कुठे शिकवलं?

मी पेन्सिल ठेवली आणि चालत सरळ आनेमीककडे गेले.

“तिला काढ. खांदा. आठ.”

“आत्ता? तू आत्ताच अंगठा दाखवलास!”

“चुकीचा दाखवला. जूनपासून चुकीचा दाखवतेय. ओरडायचं ते मला नंतर ओरड.”

आनेमीकनं माझ्याकडे असं पाहिलं की माझं सात वर्षांचं खुर्चीवरचं बसणं त्यात संपलं. मग तिनं पंचाला हात केला.

इरावती बाहेर आली. सानानं तिच्या खांद्यावर बर्फाची पिशवी बांधली. मैदानात दुसरी मुलगी हात मोकळा करायला लागली, आणि रविकांत सर कुंपणाचं फाटक ढकलून आत आले.

“मॅडम, काय चाललंय हे? तुम्ही कोण तिला काढणाऱ्या? एक डाव राहिला होता!”

“बाबा, जाऊ द्या ना,” इरावती म्हणाली.

“जाऊ द्या काय? दुखत होतं तर बोलायचं! माझ्या पोरी मला सांगतात. चाळीस वर्षांत एकही पोर अशी नाही, की तिनं दुखतंय म्हटलं आणि मी टाकायला लावलं!”

ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच तसं वाटत होतं. मी त्यांच्या जाकिटाच्या बाहीवरची दुकानाची चिठ्ठी पाहिली, हात लांब केला आणि ती तोडून घेतली. ते दचकून मागे सरकले.

“सर, मी सुहासिनी चौधरी.”

त्यांचा हात छातीशी गेला. तिथे शिट्टी नव्हती.

“इरावती, तूही ऐक. तुझा खांदा जूनपासून मला कळत होता आणि मी बोलले नाही. ते माझं पाप, त्याचं काय ते तू ठरव. पण हे तुझ्या वडिलांचं.” माझा आवाज चढला नाही, फोनवर बोलते तसा निघाला. “जळगाव. अंतिम सामना, सातव्या डावाच्या आधी, पाण्याच्या टाकीजवळ. मी म्हणाले, सर, हात वर जात नाहीये. तुम्ही माझ्याच खांद्यावर हात ठेवलात आणि म्हणालात, कुणाला सांगू नकोस, आणि टाक. मी टाकलं. आणि सर, मी कुणालाच सांगितलं नाही. आईला नाही. वडील गेले, त्यांनाही नाही. आज तुमच्या लेकीला सांगतेय.”